तासाभराने स्क्रीन तालात अडकते, जुन्या रेडिऑन कार्डाचे इंटरप्ट हरवतात का?

वाळपईचा पखवाजी · शनिवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी.

मी सत्तरी तालुक्यातला, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या वाचनालयात चार जुने कॉम्प्युटर आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. संध्याकाळी मुले मराठी टायपिंग शिकायला येतात. सकाळचे दोन-तीन तास मी एकटाच असतो, तेव्हा रणमाल्याच्या (आमच्याकडच्या लोकनाट्याच्या) जतींच्या, म्हणजे गाण्यांच्या, जुन्या वह्या स्कॅन करून टाइप करतो. वह्या तीन घरांतून मिळाल्या आहेत. एकीची पाने चिकटून वडीसारखी झाली आहेत, दुसरीची शाई कडांनी पसरत चालली आहे. वाळपईचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल की मिरग लागायच्या आत हे काम पुढे सरकले पाहिजे. आधी एवढे सांगतो, कारण "नवीन कॉम्प्युटर घ्या" हे उत्तर आमच्या उपयोगाचे नाही.

अडचण तीन नंबरच्या मशीनची आहे. मॉनिटर त्याचाच सगळ्यांत मोठा, म्हणून वह्यांचे काम त्याच्यावर चालते. आत रेडिऑन एक्स१३०० हे वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे, पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणारे. २ जीबी रॅम, वर लिनक्स. सकाळी सुरू केले की तासभर, कधी दीड तास, काहीही त्रास नसतो. मग अचानक स्क्रीन अडकू लागते. मी "धनुर्धर" टाइप करतो तर काहीच उमटत नाही आणि मग सगळा शब्द एकदम येतो. स्कॅन केलेले पान वर सरकवले तर ते सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारते. एकदा हे सुरू झाले की आपोआप थांबत नाही. रीस्टार्ट केले की पुन्हा तासभर सगळे ठीक. आठवड्यातून एखाद्या वेळी स्क्रीन पूर्ण गोठते आणि बटण दाबूनच बंद करावे लागते. परवा तशात माझी दोन पाने गेली.

आता एक गोष्ट सांगतो, ती कामाची आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मी चाळीस वर्षे भजनाला पखवाज वाजवतो. हे अडकणे आडवेतिडवे नाही, मात्रेत आहे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून बघितला. मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवला की टकटक आणि स्क्रीनची उडी जवळजवळ जुळते. अगदी तंतोतंत नाही, स्क्रीन हळूहळू मागे पडत जाते, जसा नवशिका टाळकरी लय ओढतो. पण सेकंदाला दोन, हे नक्की. गरम झाल्यामुळे किंवा रॅम कमी पडल्यामुळे अडकले असते तर ते इतके लयीत झाले असते का?

आतापर्यंत केलेले: दोन नंबरच्या मशीनची रॅम घालून पाहिली, फरक नाही. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या. पंख्यातली धूळ काढली, तापमान बेताचेच आहे. अडकत असताना नेटवर्कवरून मोठी फाइल दुसऱ्या मशीनवर पाठवली तर ती नेहमीच्याच वेगाने गेली. कोपऱ्यातले घड्याळही बरोबर वेळ दाखवते. म्हणजे मशीन झोपलेले नाही, फक्त स्क्रीन झोपते. लॉगमध्ये त्या वेळची एकही चूक नोंदलेली सापडली नाही.

अजून एक. चारही मशीनवरची सिस्टीम एकच आहे. एक नंबरवर सगळे नीट बसवले आणि त्या डिस्कची नक्कल बाकी तिघांत घातली. ते एका ओळखीच्या मुलाने करून दिले, तो आता गोव्याबाहेर नोकरीला आहे.

—

पणजीतला पेंग्विन · शनिवार, रात्री १०.०५

सर, हा एमएसआयचा त्रास असावा, म्हणजे कार्डाने सीपीयूला इंटरप्ट (हाक) देण्याच्या एका पद्धतीचा. कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत, म्हणजे सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचनांत, पीसीआय=नोएमएसआय घाला आणि रीस्टार्ट करा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका मिनिटात सुटले होते. टाइप अर्थात रोमन लिपीत करायचे.

—

वाळपईचा पखवाजी · रविवार, सकाळी ६.४०

लगेच उत्तर दिल्याबद्दल आभार. ही ओळ फक्त तीन नंबरवर घालू की चारही मशीनवर? नक्कल एकच असल्यामुळे सगळीकडे सारखे ठेवलेले मला बरे पडते.

—

मांडवीकाठ · रविवार, सकाळी ११.१५

गुरुजी, नमस्कार. चारही मशीनवर अजिबात घालू नका. तीनवरसुद्धा आधी थोडे पाहून घ्या, मग ठरवू.

मी अकरा वर्षे वेर्ण्याला कारखान्यातल्या यंत्रांच्या डिस्प्लेचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम, लिहिले, आता बेतीला घरूनच काम करते. तुमचे मेट्रोनोमचे वाक्य वाचले आणि हातातले काम बाजूला ठेवले. ती गोष्ट कामाची आहे का, असे तुम्ही विचारले आहे. सगळ्या प्रश्नात तीच सर्वांत कामाची आहे. "स्क्रीन अडकते" असे शेकडो लोक लिहितात, किती वेळाने अडकते हे कोणी मोजत नाही.

अर्धा सेकंद हा आकडा रेडिऑनच्या ड्रायव्हरमध्ये लिहिलेलाच आहे. तो कशासाठी आहे ते सांगते.

सीपीयू ग्राफिक्स कार्डाला कामांची यादी देतो आणि ते काम होण्याची वाट पाहणारा प्रोग्राम झोपी जातो. कार्ड काम संपवते, मेमरीत ठरलेल्या जागी त्या कामाचा नंबर लिहिते आणि मग इंटरप्ट देऊन सीपीयूला कळवते. आपल्याकडे पदेर (पाववाला) पहाटे येतो, फाटकाला अडकवलेल्या पिशवीत पाव टाकतो आणि भोंपू वाजवतो, तसेच हे आहे. पाव पिशवीत पडणे हे खरे काम, भोंपू ही फक्त वर्दी. तुमच्या मशीनवर पाव वेळेवर येतो आहे, भोंपू वाजायचा बंद झाला आहे.

भोंपू कधीतरी दगा देणार हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून ते सांगून ठेवतात की काही ऐकू आले नाही तरी ठरावीक वेळाने एकदा फाटकापर्यंत जाऊन ये. रेडिऑनमध्ये ती ठरावीक वेळ अर्धा सेकंद आहे. ड्रायव्हर उठतो, मेमरीतला नंबर पाहतो, काम केव्हाच झालेले असते, मग तो वाट पाहणाऱ्यांना उठवतो. तुमचा शब्द स्क्रीनवर एकदम येतो तो याच क्षणी. लय मागे ओढते तेही बरोबर आहे. ही मोजणी सलग चालत नाही, प्रत्येक फेरीनंतर नव्याने सुरू होते आणि मधले थोडे मिलिसेकंद दरवेळी त्यात मिळत जातात.

लॉग कोरा का, तर रेडिऑन हे उठवणे गुपचूप करतो. त्याचा धाकटा भाऊ एएमडीजीपीयू अशाच अर्ध्या सेकंदानंतर "फेन्स फॉलबॅक टायमर एक्स्पायर्ड" असे स्पष्ट लिहितो. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये पूर्वी ही वेळ १५०० मिलिसेकंद होती, म्हणजे दीड सेकंद, आणि लॉगमध्ये "हँगचेक टायमर इलॅप्स्ड" अशी ओळ यायची. म्हणून मी नेहमी आधी विचारते की किती वेळाने अडकते. त्या आकड्यावरून शेवटी कोणी उठवले ते कळते.

आय९१५ ची पुढची तऱ्हा मला फार आवडते. एखाद्या इंजिनाचा, म्हणजे चिपेतल्या काम करणाऱ्या एका भागाचा, इंटरप्ट एकदा हरवलेला सापडला की ड्रायव्हर त्या इंजिनापुढे खूण करून ठेवतो. त्यानंतर त्या इंजिनासाठी थांबणारा प्रत्येक जण कर्नेलच्या घड्याळाच्या दर ठोक्याला स्वतःच उठून बघतो. थोडी वीज जास्त जाते, पण वापरणाऱ्याला अडकणे जाणवत नाही. हार्डवेअर दुरुस्त होणार नाही हे मान्य करून लिहिलेला कोड आहे तो.

भोंपू फक्त हरवतो असेही नाही. इंटेलच्या २०१२ च्या आयव्ही ब्रिज चिपांमध्ये तो लवकर वाजायचा. इंटरप्ट पोचायचा आणि नंबर मेमरीत उतरायचा बाकी असायचा. ड्रायव्हर उठून बघायचा, पिशवी रिकामी, परत झोपायचा. मग पाव पडायचा आणि दुसरा भोंपू काही येणार नसायचा. यावर उपाय शोधला तो असा की नंबर वाचण्याआधी चिपेचेच एक रजिस्टर (आतली नोंदीची छोटी जागा) वाचायचे. त्या वाचनाचे उत्तर यायच्या आत आधीचे लिखाण मेमरीत पोचते.

आता एमएसआय. इंटरप्ट द्यायच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट तारेची. पीसीआयच्या खाचेत इंटरप्टसाठी चारच तारा, त्यामुळे अनेक कार्डे एकाच तारेवर. पीसीआय एक्सप्रेसमध्ये खरी तार नाही, पण जुन्या तारेची नक्कल ठेवली आहे. नवी वाट १९९८ च्या पीसीआय २.२ पासूनची, एमएसआय. तीत कार्ड मेमरीच्या एका पत्त्यावर छोटासा संदेश लिहिते आणि तोच इंटरप्ट. वाटणी नाही, गोंधळ नाही. मात्र तारेवर एक सोय होती: कोणी दखल घेईपर्यंत तार ओढलेलीच राहते. एमएसआय एकदाच येतो. तो हरवला तर हरवला.

त्यामुळे एमएसआयवर ड्रायव्हरला वागणूक बदलावी लागते. इंटेलच्या जुन्या चिपांसाठी लिहिलेल्या कोडमध्ये याची टीप आहे. स्थितीचे रजिस्टर शून्यावरून शून्येतर झाले तरच नवा संदेश निघतो. तुम्ही पिशवीतला एक पाव काढत असताना पदेराने दुसरा टाकला तर भोंपू वाजत नाही, कारण पिशवी मुळात रिकामी झालेलीच नव्हती. म्हणून पिशवी पूर्ण रिकामी दिसेपर्यंत हात आतच ठेवायचा. कोडमध्ये हे एक साधे चक्र आहे, पण ते नसेल तर मशीन आठवडाभर नीट चालून एका संध्याकाळी मरते आणि कारण सापडत नाही. मी स्वतः वेर्ण्याला असे तीन आठवडे घालवले आहेत.

काही चिपांमध्ये एमएसआय मुळातच धड नाही. इंटेलचा ९४५जी चिपसेट म्हणतो की मला एमएसआय येतो, प्रत्यक्षात येत नाही. ९६५जीएममध्ये संदेश हरवतात किंवा उशिरा येतात, असे चिपसेटच्या चुकांच्या यादीतच लिहिले आहे. तुमचे एक्स१३०० हे २००५ चे कार्ड, आतली चिप आरव्ही५१५. रेडिऑन ड्रायव्हरमध्ये नेमकी तिच्याबद्दल टीप आहे की ही चिप अधूनमधून एमएसआय पुन्हा सज्ज करायला चुकते आणि त्याने मशीन गोठते. दर इंटरप्टनंतर "पुढच्यासाठी तयार" अशी खूण कार्डाला करावी लागते, तीच वाया जाते. एकदा चुकली की रीस्टार्ट होईपर्यंत शांतता. तुमचा तास-दीड तास म्हणजे ती एक खूण चुकण्याची वाट आहे.

इथे मला कोडे पडले आहे. याच कारणामुळे ड्रायव्हर आरव्ही५१५ वर एमएसआय स्वतःहून लावतच नाही. म्हणजे तुमच्याकडे कोणीतरी तो मुद्दाम लावलेला असणार. दोन गोष्टी बघा.

अडकणे सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स ही फाइल वॉच कमांडने दर सेकंदाला बघत राहा. रेडिऑनच्या ओळीत पीसीआय-एमएसआय लिहिले आहे की आयओ-एपिक (म्हणजे जुनी तारेची वाट), आणि स्क्रीन हलत असताना तिथला आकडा वाढतो का, ते कळवा. मग त्याच फोल्डरातली सीएमडीलाइन ही फाइल उघडून त्यात रेडिऑन.एमएसआय=१ असे काही आहे का ते पाहा.

पेंग्विन, तुझा अंदाज बरोबर होता. पण ती ओळ सगळ्या मशीनचा, म्हणजे डिस्कचा आणि नेटवर्कचाही एमएसआय बंद करते. दुखणे एका कार्डाचे, तर पथ्यही त्याच कार्डापुरते असावे. आणि गुरुजींच्या इतर मशीनमध्ये कोणती चिप आहे ते आपल्याला माहीत नाही. आरएस६९० या रेडिऑन चिपेसारखी असेल तर एमएसआय काढल्यावर तिथली स्क्रीन बिघडेल. त्या चिपेच्या काही कॉम्प्युटरांबद्दल ड्रायव्हरमध्ये बरोबर उलटी टीप आहे, की ते एमएसआय असला तरच चालतात.

—

वाळपईचा पखवाजी · सोमवार, सकाळी १०.३०

ताई, सकाळी साडेसहालाच वाचनालय उघडले. ७.५० ला अडकणे सुरू झाले. रेडिऑनच्या ओळीत पीसीआय-एमएसआय आहे. आकडा २,१८,४३३. पान वरखाली सरकवत राहिलो, पाच मिनिटे बसलो, आकडा २,१८,४३३ च. शेजारची नेटवर्कची ओळ मात्र पळत होती. रीस्टार्ट केल्यावर तीच रेडिऑनची ओळ भराभर वाढताना पाहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोष डोळ्यांना दिसला.

आणि रेडिऑन.एमएसआय=१ आहे. बूट ओळीच्या अगदी शेवटी.

आता लक्षात आले. एक नंबरच्या मशीनवर सुरुवातीला स्क्रीनच नीट येत नव्हती, त्या मुलाने रात्री जागून काहीतरी केले आणि ती आली. त्याच डिस्कची नक्कल आम्ही सगळीकडे घातली. एक नंबरची चिप पाहिली, आरएस६९० च आहे. म्हणजे एकाचे औषध आम्ही चौघांनाही पाजले. त्या मुलाला मी बोल लावणार नाही, नक्कल घालायचा आग्रह माझा होता.

तीन नंबरवरची ती ओळ काढली, ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) अपडेट केला, रीस्टार्ट केले. आता रेडिऑन आयओ-एपिकवर आहे, लाइन १६.

पण आनंद दोन मिनिटेच टिकला. स्क्रीन परत अडकू लागली. या वेळी खूप जलद, पान सरकवताना खरखर व्हावी तशी. मेट्रोनोमने एवढे मोजता येत नाही. पण मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ संथ गतीने काढून मोजला तर सेकंदाला सुमारे दहा उड्या येतात. लॉगमध्ये या वेळी ओळ आहे: "आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड", आणि खाली "डिसेबलिंग आयआरक्यू #१६". तिथेच बूट ओळीत आयआरक्यूपोल वापरून पाहा असे सुचवले आहे. वापरू का?

—

मांडवीकाठ · सोमवार, दुपारी १२.०५

सेकंदाला दहा! गुरुजी, तुम्ही मोजलेत म्हणून हेही लगेच सांगता येते. हे रेडिऑनचे काम नाही, कर्नेलचे आहे.

तारेवर इंटरप्ट आला की कर्नेल त्या लाइनीवर (लॉगमधला आयआरक्यू तो हाच) नोंदलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, तुझा का? सगळे नाही म्हणाले तर तो नोंद ठेवतो. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त असे बेवारस निघाले की तो ती लाइन बंद करतो, नाहीतर सीपीयू दुसरे काही करूच शकणार नाही. बंद केल्यावर मात्र तो त्या लाइनीवरच्यांना वाऱ्यावर सोडत नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाने स्वतः जाऊन विचारपूस करतो. त्या तुमच्या दहा उड्या.

म्हणजे लाइन १६ दुसरेच कोणीतरी ओढून धरते आहे आणि त्याचा ड्रायव्हर सिस्टीममध्ये नाही. आधी त्रास का नव्हता, तर ज्या लाइनीवर कोणीच नोंदलेले नाही ती कर्नेल उघडतच नाही. रेडिऑन एमएसआयवर होता तोवर १६ चे दार बंद होते. आज तो तिथे गेला, दार उघडले आणि बाहेरचा कल्लोळ आत आला.

आयआरक्यूपोल नको. त्याने कुठल्याही इंटरप्टाचा धनी सापडला नाही की कर्नेल बाकीच्या लाइनींवरच्या ड्रायव्हरांकडेही चौकशी करत फिरतो. चालेल, पण दोष तसाच राहील. आत काय काय बसवले आहे ते आधी बघू या.

—

डिचोलीचा दुरुस्तीवाला · सोमवार, दुपारी १.४०

मास्तर, मधेच बोलतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे माझे. ताईंचे कोडमधले मला कळत नाही, पण डबा उघडल्यावर काय बघायचे ते कळते.

प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटे थांबा, बाजूचा पत्रा उघडा. खालच्या पांढऱ्या पीसीआय खाचांत काही कार्ड आहे का बघा. जुन्या मशीनमध्ये आपल्याकडे बहुतेक वेळा टेलिफोनच्या तारेचा मोडेम सापडतो. त्याची आज कोणाला गरज नाही म्हणून कोणी काढतही नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधी ज्या विजा पडतात त्यांत हे मोडेम जातात, तारेतून झटका आत येतो. बाकीचे मशीन वाचते, मोडेम जळतो आणि कोणाला पत्ता लागत नाही कारण कोणी तो वापरतच नसतो. असा अर्धमेला मोडेम पूर्ण बोर्डाला त्रास देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

कार्ड उभे धरून, टेलिफोनची खाच जिथे आहे तिथले बारीक भाग बघा. काळा डाग किंवा फुगलेले काही दिसेल. दिसले नाही तरी काढूनच टाका. आणि रिकाम्या खाचेच्या मागच्या फटीला पत्र्याची पट्टी लावा, पाली आत जातात.

—

वाळपईचा पखवाजी · मंगळवार, दुपारी १२.१०

मोडेमच निघाला. सर्वांत खालच्या खाचेत. टेलिफोनच्या खाचेमागे नखाएवढा काळा डाग आहे आणि एका भागाला तडा गेला आहे. मशीन आमच्याकडे येण्याआधी एका कचेरीत होते, तिथे कधी वीज पडली असेल ते आता कोण सांगणार. दुरुस्तीवाले भाऊ, तुम्ही डाग कुठे असेल ते न बघता सांगितलेत.

मोडेम काढून काल दुपारी मशीन सुरू केले ते रात्रभर चालूच ठेवले. एरवी मी तसे करत नाही. आज सकाळी ओळ पाहिली: रेडिऑन, आयओ-एपिक, १६, आकडा ४० लाखांच्या पुढे आणि वाढतो आहे. लॉगमध्ये "नोबडी केअर्ड" नाही. सकाळी साडेसातपासून बारापर्यंत चिकटलेल्या वहीची अकरा पाने टाइप केली. मेट्रोनोम शेजारी लावून ठेवला होता. जुळायला स्क्रीनवर काहीच नव्हते.

एकच विचारायचे राहिले. एक नंबरवरची रेडिऑन.एमएसआय=१ ही ओळ तशीच ठेवायची ना? तिथे ती लागते म्हणून.

—

मांडवीकाठ · मंगळवार, दुपारी २.३०

अकरा पाने! फार बरे वाटले.

एक नंबरवरूनही काढून बघा. ती ओळ बहुतेक जुन्या कर्नेलच्या काळातली असावी. आताचा ड्रायव्हर आरएस६९० दिसली की स्वतःच एमएसआय लावतो आणि आरव्ही५१५ दिसली की स्वतःच टाळतो. समोर कोण आहे हे तो चिपेचा नंबर वाचून ठरवतो. आपण बूट ओळीत हुकूम लिहिला की तो त्याचे हे शहाणपण बाजूला ठेवून आपले ऐकतो. तुमच्यासारख्या एकाच नकलेवर चालणाऱ्या मशीनांसाठी हुकूम नसलेलाच बरा. मग नक्कल खुशाल सगळीकडे सारखी ठेवा.

काढण्याआधी जुनी ओळ कागदावर लिहून ठेवा. स्क्रीन आली नाही तर ग्रबच्या यादीत ई दाबून तेवढ्यापुरती परत घालता येते.

—

वाळपईचा पखवाजी · मंगळवार, संध्याकाळी ६.५०

मुले यायच्या आधी एक, दोन आणि चार, तिन्हींवरची ओळ काढली. एक नंबरची स्क्रीन लगेच आली. लॉगमध्ये "रेडिऑन: युझिंग एमएसआय" असे त्याने स्वतःहून लिहिले आहे आणि इंटरप्टांचा आकडा वाढतो आहे. दोन आणि चारमध्येही एक नंबरसारखीच चिप निघाली, तिथेही तसेच.

सहावीतल्या एका मुलीने विचारले की मास्तर, त्या आकड्यांकडे काय बघता. तिला पदेराची गोष्ट सांगितली. ती आता तीन नंबरसमोर बसून रेडिऑनची ओळ मोजते आहे.

ताई, दुरुस्तीवाले भाऊ, पेंग्विन, देव बरें करूं. उद्यापासून दुसरी वही घेतो, शाई पसरलेली.